रोहिणीतले कोंब

आमच्या यवतमाळात चैत्र हा झाडांचा महिना. पळस फुलून गेलेला असतो, मोहाखाली भल्या पहाटे टोपल्या जमतात, कडुनिंबाला कोवळी पालवी येते. कंदांचं मात्र या वसंताशी काही देणंघेणं नाही. ते मुरमाखाली झोपलेले. त्यांना जाग येते ती रोहिणीत. २५ मेच्या सुमारास नक्षत्र लागतं, वळवाची एखादी सर येऊन जाते आणि पाहता पाहता अंगणात, वावराच्या धुऱ्यावर, सागाच्या पाचोळ्यात हिरवी टोकं दिसू लागतात. मग लोक मला विचारतात, "हे काय उगवलं?" वर्षभरात मला विचारले जाणारे सगळे प्रश्न एकीकडे आणि हा एक एकीकडे, इतका तो मला आवडतो.

उत्तर सोपं नसतं. यवतमाळ जिल्ह्याच्या वनस्पतींवर कार्तिकेयन आणि आनंद कुमार यांचा ग्रंथ आहे; भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने तो १९९३ मध्ये काढला. पण अशा ग्रंथांची सारी भिस्त फुलावर. बोटभर कोंब घेऊन त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही.

म्हणून मी आधी क्रम विचारतो. पान आधी आलं की फूल? भुईचाफ्याचं सुगंधी, पांढरं-जांभळं फूल पानाची वाट न पाहता थेट मातीतून उमलतं. आफ्रिकेतून येऊन आपल्या कुंड्यांत रुळलेल्या मे फ्लॉवरचा तांबडा झुबकाही पुष्कळदा पानांच्या आधीच वर येतो. कोळकांदा तर भर उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, उंच दांड्यावर फुलतो, पानं पावसाळ्यात. तेव्हा मे महिन्यात त्या जागी काय होतं हे आठवलं, तर जुलैतल्या पानांचं निम्मं कोडं सुटतं.

मग पान. काळ्या मुसळीचं पान शिंदीच्या कोवळ्या रोपासारखं घड्याघड्यांचं असतं. तिचं पिवळं चांदणीफूल जमिनीला टेकून उमलतं, कारण त्याचा बीज धरणारा भाग मातीतच लपलेला असतो. पांढऱ्या मुसळीच्या पानाला त्या घड्या नसतात. तिची पांढरी फुलं दांड्यावर येतात. रानहळदीचं पान चुरगाळलं की बहुतेक वेळा हाताला वास लागतो, पण सगळ्याच जातींना तो नसतो. सुरणाचा ठिपकेदार कोंब भाल्यासारखा सरळ वर येतो आणि मग छत्री उघडतो. तो ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

खरी काळजी कळलावीची. तिचा कोवळा कोंब पाहून काहीच शंका येत नाही. वेल थोडी वाढली की पानाचं टोक वळून आधाराला धरू लागतं, आणि पावसाळ्यात पिवळ्या-लाल ज्वाळांसारखी फुलं लागतात. या वेलीच्या सर्वांगात कोल्चिसिन हे विष आहे, कंदात तर फारच. कोळकांदाही तसाच. दिसायला कांदा, पण कांद्याचा वास नाही, आणि पोटात गेला तर हृदयावर घाव घालतो. वास येत नसेल तर तो कांदा नव्हे, हे घरातल्या पोरांनाही शिकवून ठेवावं. जंगली कंद चाखून ओळखायची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

मारेगाव, झरीकडच्या कोलाम पोडांवरची जुनी माणसं कोंबाकडे पाहण्याआधी जागा पाहतात. माती कोणती, सावली कोणाची, पाणी साचतं की वाहून जातं. ही पाहण्याची रीत कुठल्याही ग्रंथाच्या तोडीची आहे, आणि ती त्यांच्याकडून समजून घ्यायला हवी.

उकरून पाहायचा मोह मात्र आवरा. नुकता जागा झालेला कंद उपटला, तर त्या वर्षीचं फूल गेलं, आणि फुलाशिवाय नाव पक्कं होत नाही. मुसळ्या तर औषधासाठी इतक्या उपसल्या गेल्या आहेत की अंगणात आपण होऊन उगवलेली एखादी जपायलाच हवी. यंदा रोहिणीत काही अनोळखी वर आलं, तर शेजारी काडी रोवा, तारीख लिहा, कोंबाचा, पानाचा, फुलाचा असा एकेक फोटो काढा आणि लहान मुलांना व गुरांना तिथून लांब ठेवा. श्रावणापर्यंत थांबा.