सो गांवची एक दुपार

पॅरिस पाहून आलेला मनुष्य भेटला, कीं तो आयफेल मनोरा, लूव्हरचें संग्रहालय आणि सीन नदी यांचीं वर्णनें सांगूं लागतो. तीं वर्णनें वाचकांनीं इतक्या वेळां ऐकलीं असतील, कीं त्यांत आणखी भर घालण्याचा माझा विचार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें त्या शहराच्या वेशीबाहेरील एका लहानशा गांवाविषयीं, आणि तेथें मला मिळालेल्या एका उत्तराविषयीं.

चार वर्षांपूर्वीं माझा धाकटा मुलगा गेला. त्यानंतर सूनबाई नातीला घेऊन संशोधनाच्या कामासाठीं पॅरिसला गेली. गेल्या वसंतऋतूंत मी दोन महिने तिच्याकडे राहिलों. तिच्या कामाची मुदत आतां संपत आली आहे. पुण्यास परतल्यावर मीं नागपुरास थोरल्या मुलाकडे न जातां तिच्याच बिऱ्हाडीं राहावें, असें तिनें मला सुचविलें होतें. तिचें वय अवघें छत्तीस. तिच्या पुढील वाटेंत आपण धोंड होऊन बसूं नये, असें मला वाटे. थोरला मुलगा असतां सुनेकडे राहिलों तर लोक काय म्हणतील, हाही विचार मनांत येई, हें कबूल केलें पाहिजे. पंधरा दिवस झाले, तरी मीं तिला कांहींच उत्तर दिलें नव्हतें.

अशा मनःस्थितींत एका रविवारीं आम्ही तिघें सो या गांवीं गेलों. हें नांव फ्रेंच लिपींत लिहावयास सहा अक्षरें लागतात, आणि उच्चार मात्र एकाच अक्षराचा! पॅरिसच्या दक्षिणेस सुमारें दहा किलोमीटरांवर हें गांव आहे. क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटरांहून कमी आणि वस्ती वीस हजारांच्या आसपास. राजधानी वाढत वाढत त्याच्या उंबरठ्याशीं येऊन भिडली, तरी तें तिच्या पोटांत गडप झालें नाहीं. राज्यक्रांतीच्या प्रारंभीं, १७८९ सालीं, फ्रान्समधील लहानमोठ्या सर्व गांवांना स्वतःची नगरपालिका असावी असा कायदा झाला. त्याचें हें फळ आहे.

गांवाचें भाग्य उदयास आलें तें १६७० सालीं. त्या वर्षीं चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर यानें येथील जहागीर विकत घेतली आणि व्हर्सायच्या उद्यानाचा रचनाकार ल नोत्र याजकडून भव्य बाग आखून घेतली. पुढें ती मालमत्ता लुईचा पुत्र ड्यूक द्यु मेन याजकडे गेली. त्याची पत्नी मोठी हौशी. १७१४ व १७१५ सालीं तिनें नाट्यसंगीताच्या ज्या रात्री जागविल्या, त्यांची आठवण फ्रेंच लोक अद्याप काढतात. व्हॉल्तेअरही तिच्या आश्रयास राहून गेला. राज्यक्रांतींत सर्वच बदललें. वाडा जप्त होऊन विकला गेला, पुढें पाडला गेला आणि बागेंत नांगर फिरला.

परंतु वाड्यालगत डचेसच्या प्राणिसंग्रहाचा एक लहानसा बगीचा होता. तो मात्र गांवच्या मंडळींनीं एकत्र येऊन, पैसे जमवून, १७९९ सालीं विकत घेतला व राखला. तेथें पुढें सार्वजनिक नृत्याचे मेळे भरत. बाल्झाकनें आपल्या एका कथेचें नांवही त्यांवरूनच ठेवलें आहे. राजपुत्राचा वाडा गेला, पण गांवकऱ्यांनीं आपल्यापुरता एक तुकडा वांचविला, ही गोष्ट मला त्या सर्व वैभवाहून अधिक आवडली. पुढें १९२३ सालीं प्रांतिक सरकारनें मोठी बागही विकत घेऊन ती पुनः पूर्वीच्या आंखणीवर उभी केली. आम्ही गेलों त्या दिवशीं तेथें चेरीचीं झाडें गुलाबी फुलांनीं लवलीं होतीं आणि त्यांखालीं कुटुंबेंच्या कुटुंबें शिदोऱ्या सोडून बसलीं होतीं. नातीचा पाय तेथून निघेना.

सूनबाईला मात्र बाग पाहावयाची नव्हती. तिला स्मशानभूमि पाहावयाची होती.

पियेर क्यूरीचे आईवडील याच गांवीं राहत. २६ जुलै १८९५ रोजीं येथील नगरपालिकेंत त्याचा मेरीशीं विवाह झाला. धर्मविधि नाहीं, अंगठी नाहीं. आहेराच्या पैशांतून घेतलेल्या दोन सायकलींवर बसून दोघें हिंडावयास निघालीं. एवढें मला ठाऊक होतें. त्यापुढील हकीकत सूनबाईनें चालतां चालतां सांगितली.

पियेरचे वडील डॉक्टर यूजेन क्यूरी हे मोठे निर्भय गृहस्थ. १८७१ सालच्या पॅरिसमधील बंडाळींत त्यांनीं आपल्या राहत्या घरांत जखमी लोकांची शुश्रूषा केली होती. १८९७ सालीं थोरल्या नातीचें, आयरीनचें, बाळंतपण त्यांनींच केलें. थोड्याच दिवसांत त्यांची पत्नी वारली आणि पुढें ते मुलाच्या बिऱ्हाडीं येऊन राहिले. १९ एप्रिल १९०६ रोजीं पियेर रस्त्यांत घोड्यांच्या मालगाड्याखालीं सांपडून गेला. मागें राहिली अडतीस वर्षांची विधवा, आठ वर्षांची आयरीन, सोळा महिन्यांची ईव्ह, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे. मेरीनें त्यांना सांगितलें, कीं तुम्ही आतां थोरल्या मुलाकडे जाऊन राहिलांत तरी मला वाईट वाटणार नाहीं. तुम्ही मोकळे आहांत. म्हाताऱ्यानें उत्तर दिलें, कीं मला तुझ्याजवळच राहावयाचें आहे.

तेव्हां मेरीनें पॅरिस सोडून सो येथें, जेथें पियेरला पुरलें होतें तेथें, घर घेतलें. या गांवीं १८४६ सालींच आगगाडी आलेली होती. मेरी रोज त्या गाडीनें प्रयोगशाळेस जाई, आणि घरीं आजोबा नातींना झाडांपानांचीं नांवें शिकवीत. १९१० च्या फेब्रुवारींत, दीर्घ दुखण्यानंतर, ते गेले. त्या दुखण्यांत मेरीनें त्यांची सेवा केली. पुरतेवेळीं तिनें पियेरची पेटी वर काढविली, सासऱ्यांची तळाशीं ठेवविली, तीवर पियेरची ठेवून स्वतःसाठीं वरची जागा राखिली. १९३४ च्या जुलैंत ती त्या जागीं विसावली. पुढें १९९५ सालीं राष्ट्रानें पतिपत्नींना मोठ्या सन्मानानें पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेलें.

आम्ही त्या साध्या थडग्यापुढें उभे होतों. मीं विचारलें, "मग आतां येथें कोण उरलें?"

"सासरे आहेत, बाबा. आणि सासूबाई."

आयरीन आणि तिचा पति यांचेंही थडगें त्याच स्मशानभूमींत आहे, हें तिनें दाखविलें. पण माझें लक्ष तिकडे नव्हतें. इतके दिवस मी समजत होतों, कीं आपला प्रश्न सुनेला भार होण्याचा आहे. वस्तुतः तिनें मला मोकळें ठेवूनच विचारलें होतें. तिच्या वाटेची काळजी तिची तिला होती. त्या म्हाताऱ्यानें एका वाक्यांत जें सांगून टाकलें, तें सांगण्याचें धैर्य मला पंधरा दिवसांत झालें नव्हतें, आणि माझ्या भिडेला मी समंजसपणा म्हणत होतों.

स्टेशनावर गाडीस अवकाश होता. नात मांडीवर पेंगत होती. मी म्हणालों, "पुण्याच्या घरांत मला रस्त्याच्या बाजूची खोली नको. मला तिकडे झोप येत नाहीं."

सूनबाईनें कांहीं वेळ माझ्याकडे पाहिलें, आणि म्हणाली, "मागच्या बाजूची देईन, बाबा. तेथून आंब्याचें झाड दिसतें."