स्पीकरमधली घूं

हमिंगची तक्रार घेऊन कुणी कॉम्प्युटरचे स्पीकर आणले, की मी ते लगेच उघडत नाही. आवाजाचं बटण शून्यावर आणतो आणि कान लावतो. घूं तशीच राहिली तर दोष आत आहे, बहुधा पॉवर सप्लायमध्ये. बटणाबरोबर कमीजास्त झाली तर ती वायरीतून येते आहे.

आतला दोष सरळ असतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. रेक्टिफायरमधून गेली की तिचे तरंग 100 होतात. ते गाळायचं काम मोठ्या कंडेन्सरचं. वर्षानुवर्षं तापून त्यातलं द्रव सुकतं, कधी डोकं फुगतं, आणि तरंग वुफरपर्यंत पोचतात. कंडेन्सर बदलला की काम झालं.

बाहेरून येणारी घूं मात्र घरी जाऊनच शोधावी लागते. एका जुन्या चाळीत गेलो होतो. स्पीकर दुकानात गप्प, घरी घुमायचे. घरातली बाई म्हणाली, "दादा, त्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात." मी कॅबिनेटच्या पत्र्यावर बोट टेकवलं, तर घूं बदलली. मग मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230च्या आसपास. फेज आणि अर्थमध्येही तेवढंच दिसायला हवं, तिथे आकडा नुसता भिरभिरत होता. मेन स्विच बंद करून बोर्डाची पट्टी खोलली. थ्री पिनच्या वरच्या भोकामागे वायरच नव्हती! कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे कंडेन्सर जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपासचा दाब येतो. करंट अगदी थोडा, पण ऑडिओ वायरीच्या जाळीतून तो स्पीकरमध्ये शिरतो. वायरमन बोलावून अर्थिंग ओढून घेतलं, तेव्हा झिणझिण्याही गेल्या आणि घूंही. भाड्याचं घर घेताना हे तपासून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

कधी उलटही होतं. कॉम्प्युटर अर्थिंगला जोडलेला असतो, आणि त्याच्या स्पीकरच्या अॅम्प्लिफायरला सेट टॉप बॉक्सही लावलेला असतो. केबलची जाळी दुसरीकडे कुठेतरी जमिनीला टेकलेली. एकेकटं जोडलं तर सगळं शांत, दोन्ही जोडले की घूं. दोन अर्थमधला फरक ऑडिओच्या जाळीतून वाहायला लागतो. अशा वेळी काही जण थ्री पिनची जाड पिन काढून टाकतात. आवाज जातो, हे खरं. पण उद्या आत फेज पत्र्याला टेकला, तर पूर्ण 230 व्होल्ट पत्र्यावर येतील आणि त्यांना जमिनीत जायची वाट हात लावणाऱ्याच्या अंगातून मिळेल. कितीही आग्रह झाला तरी मी ते करत नाही. ऑडिओ वायरीत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतो. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, दोन्ही जाळ्या एकमेकींपासून तुटतात, आणि पिन जागच्या जागी राहते.