चौकोनी डोक्याचा प्लग

गोव्यात आपण कुलपाच्या किल्लीला 'चावी' म्हणतो. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. हिंदीतली 'चाबी' हीही त्याच घरची लेक. पोर्तुगीज भाषेत हाच शब्द नट खोलायच्या पान्यालाही चालतो, आणि गंमत म्हणजे उत्तरेकडच्या गॅरेजांतही पोरे "दस-बारह की चाबी दे" असेच ओरडतात. कला शाखेच्या पदवीधराला असल्या शब्दांच्या सोयरिकी जुळवायला आवडते. पान्यांशी मात्र माझा संबंध येण्याचे कारण नव्हते. तो आला राजेगावात.

राजेगाव हे माझ्या धाकट्या बहिणीचे सासर. जिल्हा बालाघाट, राज्य मध्य प्रदेश, पण अगदी सीमेवर. बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र, गोंदिया जिल्हा. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातच होता. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट तिकडेच राहिला. त्यामुळे तिथे वाक्य मराठीत सुरू होते, पवारीत वळण घेते आणि हिंदीत संपते. मराठी-कोकणीच्या सरमिसळीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते मुळीच परके वाटत नाही.

गेल्या माघात मी तिथे गेलो तेव्हा उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. आपल्या वायंगणाची बहीणच म्हणा. आपण ज्याला तरवा म्हणतो त्याला तिथे परे म्हणतात, आणि आपला कुणगा ती त्यांची बांधी. चिखलणी झालेली, परे उपटून जुड्या बांधून ठेवलेले, दुसऱ्या दिवशी सकाळी रोवणीच्या बाया यायच्या होत्या. आणि संध्याकाळी बहिणीचे सासरे अंगणात येऊन म्हणाले, "पाहुणे, पंपानं पाणी सोडलं."

नदीकाठच्या या पंपाची तऱ्हा अशी, की पोटात पाणी असल्याशिवाय तो पाणी ओढत नाही. आतले चाक हवेत कितीही फिरले तरी पुरेशी ओढ निर्माण होत नाही. म्हणून नळीच्या बुडाशी फूटव्हॉल्व्ह असतो, तो पाणी खाली उतरू देत नाही. त्यात काडी-कचरा अडकला की रात्रीतून पंप रिकामा होतो. मग माथ्यावरचा प्लग खोलायचा, बादलीने पाणी ओतायचे, प्लग लावायचा आणि पंप सुरू करायचा. दहा मिनिटांचे काम. पण यांचा फूटव्हॉल्व्ह दोन वर्षे इमानाने चालला होता. दोन वर्षांत प्लगला कोणी हात लावला नव्हता, आणि तो गंजून पंपाशी एकजीव झाला होता. शेतीची वीज यायची ठरावीक तासांनाच. ती येईपर्यंत प्लग निघाला नाही तर चिखल आवळणार, परे सुकणार आणि बायांची मजुरी अंगावर पडणार.

प्लग होता अर्धा इंची. (पाइपाच्या जगात अर्धा इंच म्हणजे आतल्या पोकळीचे नाव, आट्यांवरून मोजाल तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरते. हुद्दा एक आणि काम दुसरे हे आम्हा कारकुनांना समजायला जड नाही.) त्याचे आटे सरळ नसतात, निमुळते असतात. सोळात एक असा उतार. आवळाल तितका तो पाचरीसारखा रुतत जातो, म्हणूनच पाणी गळत नाही आणि म्हणूनच गंजल्यावर हलत नाही. डोके मात्र चौकोनी, साधारण साडेबारा मिलिमीटरचे. ओतीव कामात चौकोन काढणे सोपे, म्हणून ही जुनी रीत टिकून आहे.

मेहुण्यांनी आधी स्क्रू पाना लावला. त्याचे जबडे किंचित ढिले होते, दोन झटक्यांत चौकोनाचे कोपरे झिजू लागले. पाइप पाना बसेना, कारण शेजारीच डिलिव्हरीचा बेंड, दांडा फिरवायला जागाच नाही. म्हणजे वरून बसणारी गोटी हवी. सॉकेटला मेकॅनिक लोक गोटी म्हणतात. मेहुणे मोटरसायकलवरून गोंदियाला जाऊन आले. दुकानदाराने आधी सहा कोनी गोटी दाखवली, मग बारा कोनी, सोळा नंबरची. "चौकोनाला हीच चालते," म्हणाला.

तो खोटे बोलत नव्हता. आता थोडी शाळेतली भूमिती. सहा कोनी गोटीतले कोपरे ६० अंशांवर असतात, चौकोनाचे ९० अंशांवर. त्यांचा मेळ बसत नाही. बारा कोनी गोटीत कोपरे ३० अंशांवर, तिसऱ्या-तिसऱ्या कोपऱ्यात चौकोन बसतो. साडेबाराच्या चौकोनाचा कर्ण १८ मिलिमीटरच्या आसपास, आणि सोळाच्या गोटीत समोरासमोरच्या कोपऱ्यांतले अंतर त्याहून थोडेच जास्त. म्हणून माप जुळते. पण बारा कोनी म्हणजे एकावर एक तिरके ठेवलेले दोन षटकोन, त्याची प्रत्येक खाच १२० अंशांची. तिच्यात ९० अंशांचा कोपरा सैल बसतो, पकड फक्त धारेवर. सैल प्लगला ते पुरते, रुतलेल्याला नाही. खरी लागते ती आठ कोनी गोटी. ती म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन चौकोन, प्रत्येक खाच नेमकी ९० अंशांची. ती गोंदियात नव्हती. सोळाची गोटी दोनदा 'कट्' असा आवाज करून निसटली.

काळोख पडला होता. मला त्या वेळी उगाच लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवत होते. आपल्यापैकी पुष्कळांना ते आडनाव 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकांमुळे ठाऊक. पण बेळगावात सायकलींचे दुकान काढणाऱ्या त्या माणसाच्या कारखान्याने १९०३ साली लोखंडी नांगर केला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२६ साली पंप बनवायला घेतला. वाङ्मयाच्या चर्चेत आपण मासिकांविषयी भरभरून बोलतो. पंपाने किती बांध्या भिजवल्या त्याविषयी कधी बोललो आहोत? असो.

शेजारचे म्हातारे मिस्त्री कंदील घेऊन आले. त्यांनी आधी प्लगवर रॉकेल सोडले, हातोडीने सगळ्या बाजूंनी हळूहळू टकटक केली आणि विडी ओढत बसले. मग मेहुण्यांच्या संचातली लांब गोटी उचलली, तिचे तोंड पाहिलेच नाही, उलटी केली आणि मागची बाजू प्लगवर ठेवली. गोटीच्या मागे दांडा अडकवायचे चौकोनी भोक असते ना? अर्धा इंची संचात ते १२.७ मिलिमीटरचे, प्रत्येक गोटीला तेच. कानशीने प्लगवरचा गंज थोडा घासल्यावर ते चपखल बसले. चौकोनावर चौकोन! गोटी लांब असल्याने बेंडच्या वर निघाली, आणि तिच्या गोल अंगाला आता पाइप पाना धरता आला. मिस्त्रींनी आधी तो किंचित आवळण्याच्या दिशेने रेटला, मग उलटा. पाव फेरा झाला आणि पुढचा प्लग हाताने सुटला. निमुळत्या आट्याचा एवढा एक गुण.

गोटीच्या चकचकीत अंगावर पान्याच्या दातांचे ओरखडे उठले. मेहुणे हळहळले. मिस्त्री म्हणाले, "धान वाचलं न् भाऊ, गोटीचं काय घेऊन बसले?"

मग बादल्या, नरसाळे, वीज आल्यावर पंपाचा बदललेला सूर. पंपाच्या तोंडून आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. बाया सकाळी सातला आल्या. प्लग परत लावताना मिस्त्रींनी आट्यांना सफेदा लावून धागा गुंडाळला आणि जेमतेम आवळला. दर महिन्याला एकदा सोडून बघायचा, अशी ताकीदही दिली.

गोव्यात परतल्यावर मी हौसेने दोन दुकानांत आठ कोनी गोटी मागितली. दोघांनीही सहा कोनीच पुढे केली. तिसऱ्याने माप कागदावर लिहून घेतले आणि मुंबईहून मागवून देतो म्हणाला. ती आली की राजेगावला पार्सल करायची आहे.