दुसऱ्याच्या ताटाची पारख

स्वतःला आवडणारी वस्तू निवडायला फारशी अक्कल लागत नाही. जिभेला सगळं ठाऊक असतं, हात आपसूक तिकडे जातो. बाजारहाटात खरा कस लागतो तो वेगळ्याच वस्तूंपाशी. त्या आपण खात नाही, पण घरातलं कुणीतरी खातं. आमच्या महिन्याच्या यादीतला निम्मा माल असाच आहे.

माझं माहेर मालवणकडचं, सासर मंगळवेढ्याचं आणि संसार पुण्यात. एका अंगाला उकडा तांदूळ, नारळ, सोलं. दुसऱ्या अंगाला ज्वारी, शेंगदाण्याचं कूट, चिंच, काळं तिखट. लग्न होऊन आले तेव्हा ज्वारी म्हणजे पांढरे दाणे, एवढंच मला कळत होतं. सासूबाई दुकानात गेल्या की पोत्यात कोपरापर्यंत हात घालत. वरचा माल सगळेच चांगला ठेवतात, म्हणत. तळातली मूठभर ज्वारी तळहातावर घेऊन फुंकर मारत, एक दाणा दाताखाली धरत. तो टच्कन फुटला तरच मान हलायची. त्यांना मालदांडीच लागते. मंगळवेढ्याच्या काळ्या, भारी रानात ती रब्बीला जमिनीतल्या ओलीवर येते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी मोठ्या कौतुकानं त्यांना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "सरकारला आत्ता कळलं व्हय?"

त्यांच्या या पारखीच्या मुळाशी भूक आहे. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिळालेला अमेरिकेचा लाल मिलो त्यांनी खाल्ला आहे, दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढणारी माणसं पाहिली आहेत. दाण्यावर लालसर झाक दिसली की त्यांचा हात आजही मागे येतो. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडल्याची कथा ज्या गावची, तिथल्या बाईला धान्याचा भाव नुसत्या रुपयांत कळत नाही.

मी भाताची. भाकरी माझ्या ताटात कधीमधी. तरी आता पिठाला बोटं लावली की मला समजतं. जुनं पीठ विरी जातं. मग पाणी कितीही कढत घ्या, थापताना भाकरीच्या कडा फाटतातच. म्हणून दळण थोडं थोडंच आणायचं. हा नियम मी ज्यांच्याकडून शिकले त्यांच्याहून कडक पाळते. आमचा दुकानदारही तसाच. फेब्रुवारीच्या तोंडावर ज्वारी मागितली की म्हणतो, "वहिनी, नवी येईल आता. सध्या दोनच किलो न्या." विकणाऱ्यानं 'कमी घ्या' म्हणावं, याला वर्षानुवर्षांची उठबस लागते. दहा मिनिटांत सामान दारात आणणारं अॅप आमच्याही फोनमध्ये आहे. दूध नासलं, अवचित पाहुणे आले की त्याचाच आधार. ते मागितलेलं आणून देतं. थांबा म्हणत नाही, एवढंच.

माझ्या माहेरच्या जिनसांची पारख मात्र आमच्याकडे माझ्या नवऱ्याला. उन्हाळ्यात मालवणला गेलो की सोलं तोच निवडतो. रतांब्याची सालं त्याच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. अशी नीट मुरलेली सोलं काळीभोर आणि मऊ असतात, दोन बोटांत दाबली तर चिकटतात. खडखडीत वाळलेली, फिकट सोलं तो न बोलता बाजूला सारतो. दुकानातल्या बाईला वाटतं, कुणी अट्टल सोलकढीवाला आहे. प्रत्यक्षात हा गृहस्थ सोलकढीच्या वाटीला हातही लावत नाही आणि आमटीत त्याला चिंचगूळच लागतो. तो वाद मिटवायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं. तूरडाळ एका कुकरात शिजते आणि दोन पातेल्यांत फोडणीला जाते.

सगळ्यांत नाजूक जागा माशांची. सासूबाईंच्या गळ्यात माळ आहे. मंगळवेढ्याहून पंढरपूर ते किती लांब! त्या पुण्यात आल्या की घरात मासे शिजत नाहीत. असं कुणी ठरवलेलं नाही, पण ठरलेलं आहे. इकडे १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून त्याआधी जवळा, सुके बांगडे भरून ठेवायची माझी माहेरची सवय. एका वर्षी मे सरत आला तरी त्या इथेच होत्या. मी विषय काढला नव्हता. त्यांनीच काढला. "तुझं ते वाळवलेलं आणायचं राहिलं का गं? डबा घट्ट झाकणाचा घे, नाहीतर पावसात सादळंल." डब्याला त्या शिवणार नव्हत्या. झाकणाची काळजी मात्र त्यांना होती.

पोरांच्या मागण्या निराळ्या: ओट्स, पास्ता, नूडल्स. मुलगा व्यायामशाळेत जायला लागल्यापासून पीनट बटरची बाटली आली. सासूबाईंनी चमच्याच्या टोकानं चाखून निकाल दिला, "शेंगाची चटणीच की. तिखट घालायचं इसरल्यात." सोलापुराकडे शेंगाचटणी उखळात तेल सुटेस्तोवर कुटतात, तेव्हा त्या चुकल्या असं म्हणता येत नाही. पुढच्या खेपेला दुकानात बाटली उलटी-सुलटी करून तेल वर आलंय का ते त्यांनीच पाहिलं.

मुलगी आता नोकरीसाठी बंगळुरात असते. तिची खोलीतली मैत्रीण आंध्रची. परवा बाजारातून तिनं पालेभाजीच्या जुडीचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. गोंगुरा म्हणतात, मैत्रिणीला करून घालायचाय, चांगला कसा ओळखायचा? मला काय ठाऊक? मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"अगं, ही आंबाडी! कण्या घालून आपण करतोच की. लाल देठाची जास्त आंबट असती. पानं कोवळी बघ, जून घेऊ नको. आन् आधी त्या पोरीला इचार, तिला आंबट कितपत चालतं ते."