दारावरची पाटी

दिवाळीच्या फराळाचा व्यवसाय मी घरी सुरू केला, तेव्हा दुकान नव्हते. होता तो मोबाईल आणि त्यातील दीड-दोनशे परिचितांची नावे. चकली, अनारसे, शंकरपाळे यांचे दर मी माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी टाकू लागले. कोणी काही बोलले नाही. त्या मौनालाच मी संमती समजले.

एका सकाळी सवयीने दरपत्रक पाठवले आणि मग वर पाहिले. थोरले काका पहाटे गेल्याचा निरोप तिथे होता. त्याच्या लगेच खाली माझी भाजणीची चकली, किलोचा भाव आणि 'घरपोच मिळेल'. मजकूर पुसला, तरी संदेश हटवल्याची ओळ तिथे राहिलीच. तेराव्याला काकूंनी मला जवळ बसवून घेतले, पण तो विषय काढला नाही. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर दर मी फक्त 'स्टेटस'वर ठेवते. ते 24 तासांत आपोआप नाहीसे होते. शिवाय ज्याला पाहायचे तोच पाहतो. आपल्या दारावर पाटी लावणे वेगळे आणि दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन ओरडणे वेगळे. (ब्रॉडकास्टचा निरोपही ज्यांनी आपला क्रमांक जपून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो, यंत्राला ही रीत माझ्याआधी ठाऊक होती!) विक्री त्या वर्षी घटली, हे लपवत नाही.

पुढच्या दिवाळीत काकूंचा संदेश आला, गटावर नव्हे, खासगी : "अनारसे अर्धा किलो. पैसे घेणार असलीस तरच."