बाभुळगावच्या ओसरीवरील राखणदार

यवतमाळहून धामणगावकडे जाणारा रस्ता बाभुळगावात शिरतो, तेव्हा दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन सोबतीला असते. पावसाळ्यात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर यांनी ती हिरवी होते, दिवाळीच्या सुमारास कापसाने पांढरी दिसू लागते आणि होळी उलटली की भेगाळून उघडी पडते. याच तालुक्यात खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर धरण उभे राहिले आणि पाणी बारमाही दिसू लागले. तरीही या मुलखाचा खरा स्वामी ऊनच. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर चढतो आणि दुपारी बाजारपेठेतील रस्ता निर्मनुष्य होतो.

त्या निर्मनुष्य दुपारी गावात एकच प्राणी सर्वत्र दिसतो, तो म्हणजे कुत्रा. कोणी पाण्याच्या टाकीखालच्या ओलीत अंग टाकून पडलेला, कोणी बंद दुकानाच्या पायरीवर, तर कोणी एखाद्या घराच्या जिन्याखाली साखळीने बांधलेला. पहिल्या दोघांनी आपली जागा स्वतः निवडलेली असते. तिसऱ्याची जागा दुसऱ्या कोणी निवडलेली असते. या लेखाचा विषय तो तिसरा आहे.

विदर्भातील तालुक्याच्या गावांतून व्यापारी घरांची एक ठरावीक ठेवण आढळते. पुढे दुकान वा पेढी, तिच्यामागे ओसरी, मग माजघर, मध्ये आंगण, आंगणात विहीर आणि अगदी मागे धान्याची किंवा सरकी-ढेपेची कोठी. कोठीला मागच्या गल्लीत उघडणारे दुसरे दार. अशा घरात राखणीचा कुत्रा वेगळा ‘पाळावा’ लागत नसे. मागच्या दाराने तो पहाटे बाहेर जाई, गल्ली फिरून येई, हमालांच्या मागे चार घरे हिंडे आणि दिवेलागणीला भाकरीच्या वेळी ओसरीच्या पायरीशी हजर होई. त्याला व्यायाम द्यावा, हा विचार कोणाच्या मनात येत नसे. कारण त्याचे जगणे हाच त्याचा व्यायाम होता.

वावरातल्या कुत्र्याचे जीवन आजही जवळजवळ तसेच आहे. कोठ्याशी बांधलेल्या ढोरांजवळ तो दिवसा झोपतो आणि रात्री जागलीला बसलेल्या माणसाबरोबर जागतो. रानडुकरांचा कळप किंवा रोह्यांची टोळी पिकात शिरली की धुऱ्यावरून धावत सुटतो, पांदणीपर्यंत पाठलाग करतो आणि धापा टाकीत परततो. पंधरा-वीस किलो वजनाचा, आखूड केसांचा, ताठ कानांचा, वळलेल्या शेपटीचा हा गावठी कुत्रा या हवेत घडलेला आहे. त्याचे अंग सडपातळ असते, कारण सडपातळ अंगातून उष्णता लवकर बाहेर पडते.

बदल झाला तो घरांत. ओसरी गेली, आंगणावर स्लॅब पडला, मागचे दार चोरीच्या भीतीने बंद झाले आणि जमिनीवर गुळगुळीत फरशी आली. त्याच सुमारास कुत्राही बदलला. नागपूर-अमरावतीहून टोपलीत घालून आणलेले लॅब्राडॉरचे पिल्लू, वाढदिवसाला मुलाने हट्टाने मागितलेला पग, दुकानाच्या राखणीसाठी घेतलेला जर्मन शेफर्ड, क्वचित निळ्या डोळ्यांचा हस्कीसुद्धा. घर लहान झाले आणि कुत्रा मोठा झाला. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आता अनेक कुटुंबांपुढे आहे आणि पुष्कळदा त्याचे उत्तर साखळीने दिले जाते.

या बाबतीत एक समजूत सर्वत्र रूढ आहे : मोठ्या कुत्र्याला मोठे घर हवे आणि लहान कुत्र्याला खोली पुरते. तिच्यात सत्याचा अंश आहे, पण पूर्ण सत्य नाही. साठ-सत्तर किलोचा ग्रेट डेन घरात बहुधा शांत असतो. त्याला हातपाय पसरून झोपण्यापुरती आणि अंग न घासता वळता येण्यापुरती जागा लागते. उरलेली गरज तो बाहेर भागवतो. शर्यतीसाठी जगप्रसिद्ध असलेला ग्रेहाउंड मनसोक्त धावून आल्यावर दिवसभर कोपऱ्यात लोळत पडतो. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेलेला कारवान कुत्राही त्याच जातकुळीचा. उंच, लांब पायांचा, सशामागे वाऱ्यासारखा जाणारा आणि घरी आल्यावर अबोल. त्याला वाड्याची गरज नाही, मोकळ्या शिवाराची आहे.

उलट दहा किलोचा बीगल किंवा त्याहून लहान जॅक रसेल टेरियर आकाराने गोंडस दिसतो, परंतु त्यांची घडण शिकारीसाठी झालेली आहे. बीगल वास घेत मैलोन्‌मैल चालण्यासाठी, तर टेरियर बिळे उकरण्यासाठी. अशा कुत्र्याला तीन मजली घराच्या गच्चीवर ठेवले आणि रस्ता दाखवलाच नाही, तर तो कुंड्या उकरतो, चपला फाडतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक सायकलीवर भुंकतो. मग घरचे म्हणतात, कुत्रा बिघडला. वास्तविक त्याचे काम त्याच्याकडून काढून घेतले गेले आणि दुसरे काही दिले गेले नाही, एवढेच घडलेले असते.

म्हणून घराच्या चौरस फुटांपेक्षा तीन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : कुत्र्याची जात कोणत्या कामासाठी घडली, त्याचे वय काय आणि तो कोणत्या हवेत राहणार आहे. पाच-सात किलोच्या स्पिट्झला मालकाच्या एका पावलासाठी चार पावले टाकावी लागतात. त्याला सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांचा फेरफटका आणि दुपारी घरातच चेंडूमागे थोडी धावाधाव पुरते. तीस किलोच्या लॅब्राडॉरला घरातल्या घरात असे दमवता येत नाही; त्याला दिवसाकाठी दीड-दोन तास चालणे, धावणे किंवा पोहणे हवे. जर्मन शेफर्डला चालण्याबरोबर डोक्याला कामही लागते. वस्तू शोधून आणणे, आज्ञा पाळणे, आंगणात लपवलेली भाकरी हुंगून काढणे यांनी तो शांत होतो.

वयाचा विचार मोठ्या जातींत विशेष करावा लागतो. लहान जातींची वाढ वर्षभरात आटोपते, पण अतिमोठ्या जातींची हाडे दीड-दोन वर्षांपर्यंत पक्की होत राहतात. त्या काळात पिल्लाला मोटरसायकलीमागे धावविणे, वारंवार जिने चढ-उतार करविणे किंवा उंचावरून उड्या मारू देणे त्याच्या सांध्यांना बाधते. लॅब्राडॉर आणि शेफर्ड या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. गुळगुळीत फरशीवर घसरत मोठे होणाऱ्या पिल्लाला तो अधिक त्रास देतो. व्यापारी घरात उपाय सोपा आहे. कोठीतले रिकामे बारदान धुऊन, त्याच्या घड्या घालून कुत्र्याच्या वावरण्याच्या जागी अंथरले, तर पायांना पकड मिळते आणि थंडीत ऊबही.

हवेचा प्रश्न मात्र बाभुळगावात सर्वांत कठीण. माणसाला घाम येतो. कुत्र्याला तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. बाकी सारी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर सोडतो. त्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ अंशांच्या पुढे गेले की उष्माघात होतो आणि जीव जाऊ शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला श्वास घेणेच अवघड, त्यामुळे लहान आकार असूनही उन्हाळा त्यालाच अधिक जड जातो. हस्कीचे दुहेरी केस बर्फाळ प्रदेशासाठी घडलेले. विदर्भाच्या वैशाखात त्याला आणणे ही हौस नव्हे, अन्याय आहे. डांबरी वा सिमेंटचा रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता आली नाही, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला नेऊ नये, ही कसोटी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सूर्य मावळल्यावरही सिमेंट तासभर तापलेले राहते.

या ठिकाणी जैन घरांची दिनचर्या कुत्र्याच्या गरजेशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. पहाटे लवकर उठण्याची रीत आहेच. सामायिक किंवा मंदिरदर्शनाआधीचा अर्धा-पाऊण तास हा उन्हाळ्यातला दिवसाचा सर्वांत थंड वेळ. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, स्वयंपाकघर बंद होते आणि प्रतिक्रमणानंतरची रात्रीची वेळ मोकळी राहते. त्याच वेळी जमीन निवू लागते. दुकानाचे शटर ओढल्यावर बापाने मुलाला आणि कुत्र्याला घेऊन गावाबाहेरच्या रस्त्याने एक फेरी मारली, तर तिघांचेही भले होते. चातुर्मासात ओल्या गवतावर चालणे नको वाटते. तेव्हा पांदणीऐवजी पक्का रस्ता धरावा, आणि वेळ थोडा कमी झाला तरी चालेल, पण एकही दिवस चुकवू नये.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल फार पूर्वी घेतली आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या मागणीतून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम अस्तित्वात आला. त्याच्या अकराव्या कलमात क्रूरतेचे प्रकार सांगितले आहेत. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा त्यांपैकी एक. त्याला लागूनच, नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा अपराध ठरविला आहे. मारहाण, उपासमार यांच्या पंक्तीला ‘फिरवले नाही’ ही गोष्ट कायदेकर्त्यांनी बसवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जैन वाचकाला यात नवल वाटू नये. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘बंध’ आहे. प्राण्याला त्याच्या इच्छित ठिकाणी जाण्यापासून बांधून अडविणे, असा त्याचा अर्थ. अन्नपाण्याचा निरोध हाही त्याच पाचांत येतो. घराघरांत असे दिसते की या दुसऱ्या दोषाबाबत सारे दक्ष असतात. कुत्र्याला वेळेवर दूध, पोळी, प्रसंगी तूपही मिळते. बंधाकडे मात्र लक्ष जात नाही, कारण साखळी ही क्रूरता वाटतच नाही, व्यवस्था वाटते. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना धोका नको म्हणून रात्री कुत्रा बांधणे किंवा फिरायला नेताना पट्टा लावणे हे आवश्यकच आहे. पण दिवसाचे चोवीस तास जिन्याखाली चार हात साखळीत जगणारा कुत्रा हा राखणदार नसून कैदी आहे. असा कुत्रा एक तर प्रत्येकावर धावून जातो, किंवा कशालाच प्रतिसाद देत नाही. दोन्ही अवस्थांत तो राखण करण्याच्या कामाचाही राहत नाही.

प्रेमाने भरविणे आणि न फिरविणे यांचा योग तर विशेष घातक. लॅब्राडॉर खाण्याचा लोभी म्हणून प्रसिद्ध आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखविले की या जातीतील सुमारे एक-चतुर्थांश कुत्र्यांत भुकेशी संबंधित एका जनुकाचा अंश गळालेला असतो, त्यामुळे त्यांची खाण्याची ओढ अधिक असते. तो मागतो म्हणून त्याला भूक आहे, असे नव्हे. ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्या जोडीदारापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळालेले कुत्रे जवळजवळ दोन वर्षे अधिक जगले. ऊनोदरीची महती ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, तेथे हे वेगळे पटवून देण्याची गरज नसावी. एक इशारा मात्र अवश्य द्यावा : मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात. ताटातल्या शिऱ्यातले मनुके लाडाने त्याच्यापुढे टाकू नयेत.

बाभुळगावची मुले आज शिक्षण आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईच्या दोन खोल्यांच्या सदनिकांत राहतात आणि तेथेही कुत्रा पाळण्याची इच्छा धरतात. त्यांना ‘जागा नाही’ असे सांगण्याऐवजी ‘वेळ आहे का’ असे विचारणे योग्य. रोजचे दोन फेरफटके निश्चित असतील, तर सहाव्या मजल्यावरही मध्यम आकाराचा कुत्रा सुखाने राहतो. तो वेळ नसेल, तर गावाकडच्या प्रशस्त घरातही तो दुःखीच राहील. आणि कुत्रा घ्यायचाच असेल, तर विकत आणण्यापूर्वी आपल्याच गल्लीतल्या गावठी पिल्लाकडे पाहावे. ते या उन्हाला सरावलेले आहे, त्याचा आकार आपल्या घरात मावणारा आहे आणि त्याला आसऱ्याची गरजही आहे.

जीवंधरकुमाराची कथा आपल्या घरांतून सांगितली जाते. मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या एका कुत्र्याजवळ तो थांबला आणि त्याने त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. त्या क्षणी मंत्राइतकेच महत्त्व थांबण्याला होते. वाटेवरून जाणारे इतर अनेक पुढे निघून गेले असतील.

संध्याकाळी बाभुळगावच्या बाजारपेठेत शटर ओढल्याचे आवाज एकामागून एक येतात. अडतीवरचा हिशेब मिटतो, गल्ला कुलूपबंद होतो, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लागतो. त्याच जुडग्याजवळच्या खुंटीवर कुत्र्याचा पट्टा लटकत असतो. जिन्याखाली बसलेला प्राणी किल्ल्यांचा आवाज ऐकून उभा राहिलेला असतो आणि त्याची शेपटी हलू लागलेली असते. दिवसभर त्याने त्या एका अर्ध्या तासाची वाट पाहिलेली असते. दुकानाचा रोजमेळ पूर्ण झाला, तरी त्याचे देणे अजून बाकी असते आणि ते उद्यावर टाकता येत नाही.