मूळपदावर

आमच्या राजेगावाहून बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. पलीकडे कुणी नवे माणूस भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "गुरुजी, तुम्ही मूळचे कुठले?" 1956 साली जुना मध्य प्रदेश मोडला, भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडेच राहिला. घरात मराठी, शाळेत हिंदी. आपले मूळ कशाला म्हणायचे, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण शाळेतल्या संगणकाला मूळपदावर आणायची मात्र मला कोण घाई झाली!

त्या संगणकावर लिनक्स आहे. काळ्या खिडकीत हुकूम टंकायचा, की काम होते. हुकूम ऐकणारा 'बॅश' हा दुभाष्या ब्रायन फॉक्स यांनी लिहिला. तो 1989 मध्ये बाहेर पडला. वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी तो एका लपलेल्या फाईलमधून वाचतो. ती फाईल एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने भरून ठेवली होती. फाईल पुसण्याचा 'आरएम' हा हुकूम दिला, की यंत्र दर वेळी विचारी, पुसू का? पन्नास फायली, पन्नास होकार. मला वैताग आला.

'ईटीसी'मध्ये 'स्केल', म्हणजे सांगाडा, नावाचा फोल्डर असतो. नव्या माणसाचे खाते उघडले की कोऱ्या फायली त्याला तिथूनच मिळतात. विद्यार्थ्याची फाईल मी पुसली, तिथली कोरी आणून ठेवली आणि खिडकी नव्याने उघडली. प्रश्न बंद! दिवसभर मी खुशीत होतो.

आठ दिवसांनी जुन्या प्रती पुसायला बसलो आणि भलत्याच फोल्डरमध्ये हुकूम दिला. सहामाहीचे सगळे गुण गेले. मूळचा आरएम काही विचारत नाही, कचरापेटीतही काही ठेवत नाही. दोन शिक्षक आणि मी, दोन संध्याकाळी रजिस्टर उघडून पुन्हा टंकत बसलो. चूक माझी, जागले तेही.

शेवटी त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो जरा थांबून म्हणाला, "सर, मागे एकदा तुमच्याच हातून फाईल गेली होती. म्हणून तर मी ते बसवलं होतं."

मी साफ विसरलो होतो.

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. जुनी फाईल कधी पुसू नये. नाव बदलून बाजूला ठेवावी, मग कोरी आणावी. आणि मूळचा हुकूम एकदाच हवा असेल, तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी. बसवलेली सोय जागच्या जागी राहते.

तो प्रश्न मी परत बसवून घेतला आहे. पन्नास वेळा विचारले तरी आता रागावत नाही.